पानगळीचे युद्ध

खिडकीत ठेवलेल्या कुंडीतले रोप उजेडाच्या दिशेने वाकते. त्याचे कारण आपण वर्गात सांगतो. शेंड्याच्या भागात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते, ते सावलीकडच्या बाजूला अधिक साठते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात आणि खोड उजेडाकडे झुकते. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा विषय इथेच संपतो. मात्र ऑक्झिनच्या याच अभ्यासातून निघालेली रसायने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि भातशेतीवर विमानांतून फवारली गेली. एकूण फवारा सात कोटी लिटरांहून अधिक होता.

आधुनिक युद्धाचा जागतिक सुरक्षिततेवर, लोकशाहीवर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो, हा प्रश्न निघाला की आपण या तीन गोष्टींचा विचार तीन निरनिराळ्या तासांना करतो. सुरक्षितता इतिहासाच्या तासाला, लोकशाही नागरिकशास्त्राच्या आणि पर्यावरण विज्ञानाच्या. व्हिएतनाममधील फवारणीचा इतिहास वाचताना मात्र ही वाटणी टिकत नाही, असे आम्हांला वाटते. जंगल का मेले हे समजून घ्यायला रसायनशास्त्र लागते. फवारणी नऊ वर्षे का चालली आणि मग का थांबली, हे समजून घ्यायला मात्र कोणाला काय माहीत होते आणि कोणापासून काय लपवले गेले, हे पाहावे लागते.

आधी रसायनशास्त्र पाहू.

अनावर वाढीने येणारे मरण

वनस्पतीतील नैसर्गिक ऑक्झिन म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल. वनस्पती ते तयार करते, वापरते आणि गरज संपली की मोडून टाकते. ही मोडतोड महत्त्वाची आहे, कारण वाढीची आज्ञा देण्याइतकेच ती वेळेवर मागे घेणेही आवश्यक असते. १९४० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत, बराचसा युद्धकालीन गुप्ततेत, ऑक्झिनसारखेच काम करणाऱ्या काही कृत्रिम संयुगांचा अभ्यास झाला. त्यांतील एक संयुग म्हणजे २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक आम्ल. ‘टू-फोर-डी’ या नावाने ते आपल्याकडील ऊस आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना चांगले माहीत आहे. रुंद पानांचे तण मारण्यासाठी ते आजही वापरतात.

हे संयुग वनस्पतीला ऑक्झिनसारखेच वाटते, पण ते तिला झटपट मोडता येत नाही. त्यामुळे ‘वाढा, वाढा’ ही आज्ञा थांबतच नाही. खोड पिळवटते, पाने वेडीवाकडी होतात, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिका दबून बंद पडतात आणि झाड वाळते. अनावर वाढच त्याचा जीव घेते. गवताच्या कुळातील वनस्पतींवर, म्हणजे गहू, ऊस, भात, मका यांच्यावर, याचा परिणाम पुष्कळच कमी होतो. म्हणूनच पीक वाचून तण मरते. टू-फोर-डीच्या रेणूत क्लोरिनचा आणखी एक अणू जोडला की २,४,५-टी हे संयुग मिळते. झुडपे व लाकडी खोडाच्या झाडांवर ते अधिक प्रभावी ठरते.

आता पानगळीकडे वळू. पानाच्या देठाशी, तो फांदीला जिथे चिकटलेला असतो तिथे, पेशींचा एक पातळ थर असतो. पानाकडून ऑक्झिनचा ओघ सुरू असेतो हा थर घट्ट राहतो. ओघ आटला की थर सैल होतो आणि पान गळते. आर्थर गॅल्स्टन या अमेरिकी तरुणाने १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सोयाबीनवर प्रबंध लिहिला, तो याच्याशी निगडित होता. सोयाबीनला लवकर फुले यावीत, म्हणजे थोड्या दिवसांच्या हंगामातही पीक हाती येईल, यासाठी ते ट्रायआयोडोबेंझॉइक आम्ल वापरून पाहत होते. हे आम्ल ऑक्झिनच्या वाहतुकीत अडथळा आणते. प्रमाण बेताचे असले की फुले लवकर येतात आणि जास्त झाले की पानेच गळून पडतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण त्यांनी प्रबंधात नोंदवले. पानगळीची रसायने शोधणाऱ्या अमेरिकी लष्करी संशोधकांच्या कामात या नोंदीचा उपयोग झाला, हे त्यांना पुष्कळ नंतर कळले. ते कळल्यावर त्यांनी काय केले, ते पुढे येईलच.

चार मिनिटांत एकशे पस्तीस हेक्टर

दक्षिण व्हिएतनाममधील सरकारच्या बाजूने अमेरिका आणि त्या सरकारविरुद्ध लढणारे, उत्तर व्हिएतनामचा पाठिंबा असलेले गनिमी, असे ते युद्ध होते. गनिमी जंगलाच्या आडोशाने हिंडत. तेव्हा जंगलाचे छतच काढून टाकावे आणि त्यांना धान्य पुरवणारी शेतेही नष्ट करावीत, अशी कल्पना पुढे आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिला मंजुरी दिली. असे करणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध नाही, ब्रिटिशांनी मलायात हेच केले होते, असा सल्ला परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी दिला होता. पूर्वी कोणी तरी केले म्हणून ते रास्त, ही युद्धातील पुष्कळ निर्णयांमागची विचारसरणी आहे. तिच्याकडे विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधावे.

जानेवारी १९६२ मध्ये ‘ऑपरेशन रँच हँड’ सुरू झाले. एका मालवाहू विमानात सुमारे ३,८०० लिटर मावेल एवढी टाकी बसवलेली असे. विमान झाडांच्या शेंड्यांवरून जेमतेम ४५ मीटर उंचीने उडे आणि सुमारे चार मिनिटांत टाकी रिकामी होई. दर हेक्टरी २८ लिटर असे प्रमाण ठरलेले होते. गणित वर्गातच करता येईल: ३,८०० भागिले २८, म्हणजे सुमारे १३५ हेक्टर. फवाऱ्याचा पट्टा ८० मीटर रुंद धरला, तर तो जवळजवळ १७ किलोमीटर लांब होतो. विमाने सहसा एकेकटी न उडता ओळीने उडत.

रसायनांची पिंपे ओळखू यावीत म्हणून त्यांवर रंगीत पट्टे रंगवलेले असत. नावेही त्यावरूनच पडली. सर्वाधिक वापरलेले ‘एजंट ऑरेंज’ म्हणजे टू-फोर-डी आणि २,४,५-टी यांचे जवळजवळ समसमान मिश्रण. भातशेतीसाठी मात्र ‘एजंट ब्लू’ होते. कारण वर आलेच आहे. भात गवताच्या कुळातला, त्याच्यावर ऑक्झिनसारखी द्रव्ये फारशी चालत नाहीत. म्हणून तिथे काकोडिलिक आम्ल, म्हणजे आर्सेनिकचे एक संयुग, फवारले गेले. तण मारून भात वाचवणारे ज्ञान आणि नेमका भातच मारणारे ज्ञान ही एकाच अभ्यासाची दोन टोके आहेत.

जंगलाचे काय झाले? आतल्या भागातील सदाहरित अरण्यावर एकदा फवारा पडला, तर काही आठवड्यांत पाने गळत आणि काही महिन्यांनी पुन्हा फुटत. दुसऱ्या-तिसऱ्या फवाऱ्यानंतर मोठी झाडे मरू लागली. छत गेले, ऊन जमिनीपर्यंत पोचले आणि त्या जागी बांबू व उंच, चिवट गवत माजले. हे गवत उन्हाळ्यात पेट घेते, त्या आगीत उगवती रोपे जळतात आणि गवत मुळांतून पुन्हा वर येते. त्यामुळे जंगलाला परत येता येत नाही. तिथले लोक त्याला ‘अमेरिकन गवत’ म्हणू लागले.

खारफुटीची गत याहून वाईट झाली. एकाच फवाऱ्यात ती मेली. दक्षिण व्हिएतनाममधील एक तृतीयांशाहून अधिक खारफुटी नष्ट झाल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७४ च्या अहवालात म्हटले आहे. कोकणातील शिक्षकांना याचे कारण लगेच उमगेल. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लांब रोप होऊन खाली पडते. दीर्घकाळ मातीत पडून राहून पुढे उगवेल असा बियांचा साठा तिथे नसतो. झाडे गेली की पुढची पिढीही गेली. सायगावजवळच्या कान जिओ भागात आपल्या कांदळाच्याच कुळातील झाडांची रोपे दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून आणून १९७८ पासून लागवड झाली, आणि २००० मध्ये युनेस्कोने त्या भागाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पूर्वीचे वन अनेक जातींचे होते. नवे मुख्यतः एका जातीच्या लागवडीतून उभे राहिले. तरीही खेकडे, कोळंबी, पाखरे परत आली, ही गोष्ट लहान नाही.

न मागता आलेला पाहुणा

इथपर्यंतचा परिणाम हेतुपुरस्सर होता. याखेरीज एक पदार्थ असा होता, की जो कोणालाच नको होता, आणि आज पन्नास वर्षांनंतर प्रश्न उरला आहे तो त्याचाच.

२,४,५-टी तयार करताना ट्रायक्लोरोफिनॉल हा मधला टप्पा असतो. त्या वेळी तापमान जास्त चढले, तर दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन टीसीडीडी हे डायॉक्सिन तयार होते. १९७६ मध्ये इटलीतील सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून जे विष हवेत उडाले ते हेच. तापमान बेताचे ठेवले तर ते कमी बनते, पण मग उत्पादन सावकाश होते. युद्धाची मागणी मोठी होती. एजंट ऑरेंजमध्ये त्याचे प्रमाण दहा लाख भागांत काही भाग एवढेच होते, पण पिंपागणिक ते बरेच बदले. कोलंबिया विद्यापीठातील जीन स्टेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फवारणीच्या मूळ नोंदी तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार व्हिएतनामच्या भूमीवर किमान ३६६ किलो टीसीडीडी पडले, आणि फवारा पडलेल्या गावांत २१ ते ४८ लाख लोक राहत असावेत.

३६६ किलो म्हणजे धान्याची चारसाडेचार पोती. हा आकडा मोठा की लहान? आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी आहे, की शरीराच्या दर किलो वजनामागे दरमहा ७० पिकोग्रॅमहून अधिक डायॉक्सिने पोटात जाऊ नयेत. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग. ६० किलो वजनाच्या माणसाला महिन्याला ४,२०० पिकोग्रॅम. या हिशेबाने एक ग्रॅम टीसीडीडी म्हणजे सुमारे २४ कोटी माणसांची महिन्याची मर्यादा. असे गणित मुलांना थक्क करते, आणि म्हणूनच ते जपून सांगावे. ही सावधगिरीची मर्यादा आहे, मारक मात्रा नव्हे. शिवाय पानांवर पडलेले बरेचसे डायॉक्सिन सूर्यप्रकाशाने विघटन पावले.

जे मातीत मिसळले आणि तळ्या-नद्यांच्या गाळात बसले, ते मात्र राहिले. टीसीडीडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या कणांना आणि चरबीला चिकटते. गाळातून ते माशांत जाते, माशांतून बदकांत आणि माणसांत. माणसाच्या शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात, आणि खोल गाडल्या गेलेल्या गाळात तर दशकानुदशके. जिथे पिंपे साठवली, विमाने भरली आणि धुतली, त्या दा नांग, बिएन होआ या विमानतळांची माती सर्वांत अधिक दूषित निघाली. १९७३ मध्ये रॉबर्ट बॉमन आणि मॅथ्यू मेसेलसन या हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञांनी मास स्पेक्ट्रोमीटरची संवेदनक्षमता वाढवून व्हिएतनाममधील माशांत हे डायॉक्सिन शोधून काढले, तेव्हा कुठे अन्नसाखळीतला त्याचा प्रवास पुराव्यानिशी दिसला. ते मोजण्याचे साधन येईपर्यंत फवारणी संपून गेली होती.

आरोग्याबद्दल काय म्हणता येते? काही प्रकारचे कर्करोग आणि क्लोरॲक्ने हा त्वचारोग यांचा अशा रसायनांशी असलेला संबंध अमेरिकी तज्ज्ञ समित्यांनी पुरेशा पुराव्यानिशी मान्य केला आहे. जन्मजात व्यंगांविषयी व्हिएतनामचे दावे मोठे आहेत, पण त्यांतला किती भाग डायॉक्सिनचा यावर एकमत नाही. एकमत व्हावे म्हणून जो अभ्यास व्हायला हवा होता, तो दोन्ही देशांनी मिळून करायचे ठरवले आणि २००५ मध्ये तो रद्द झाला. पुरावा नाही म्हणणे आणि पुरावा शोधलाच नाही म्हणणे यांत फरक आहे.

कोणाला माहीत होते?

ही फवारणी एखाद्या हुकूमशहाने केली नव्हती. जगातील एका जुन्या लोकशाहीने ती केली. मग तिथल्या लोकप्रतिनिधींनी काय केले?

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात एका अमेरिकी विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामी बोटींनी हल्ला केला. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याची वार्ता आली. तिच्या आधारे ७ ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना आवश्यक ती लष्करी कारवाई करण्याची मोकळीक देणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. हा दुसरा हल्ला झालाच नव्हता. अमेरिकी गुप्तवार्ता खात्यातील इतिहासकाराचा तसा निष्कर्ष २००५ मध्ये खुला करण्यात आला. म्हणजे मतदान रीतसर झाले होते, पण ज्या माहितीवर ते झाले ती खरी नव्हती. हात वर करणे हा लोकशाहीचा दिसणारा भाग आहे. हात वर करणाऱ्याला खरी माहिती मिळणे हा न दिसणारा भाग, आणि युद्धकाळात पहिल्यांदा तोच जातो.

रसायनांबाबतही तेच झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने एका प्रयोगशाळेकडून करवलेल्या चाचण्यांत २,४,५-टीमुळे उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगे दिसली होती. ते निष्कर्ष लोकांपुढे यायला १९६९ चा ऑक्टोबर उजाडला. दरम्यान फवारणीची तीव्रता कळसाला पोचली होती. सायगावमधील ज्या वृत्तपत्रांनी त्या वर्षी व्यंग असलेल्या बालकांच्या बातम्या छापल्या, त्यांच्यावर तिथल्या सरकारने कारवाई केली.

आता गॅल्स्टन यांच्याकडे परत येऊ. ते तेव्हा येल विद्यापीठात होते. १९६६ मध्ये त्यांनी वनस्पतिक्रियाशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे निषेधाचा ठराव नेला. संघटनेने तो स्वीकारला नाही. शास्त्रज्ञांच्या संघटना अशा वेळी ‘हा आपला विषय नव्हे’ म्हणून बाजूला होतात, हे काही अमेरिकेपुरते नाही. तेव्हा मोजक्या सदस्यांनी स्वतःच्या नावांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिले. फेब्रुवारी १९६७ मध्ये ५,००० हून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन गेले. त्यांत १७ नोबेल विजेते होते. डिसेंबर १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८० विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की वनस्पतींवर वापरलेली विषारी रसायनेही १९२५ च्या जिनिव्हा कराराच्या बंदीत येतात. विरोधात अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल होते. १९७० मध्ये अमेरिकी विज्ञान संवर्धन संस्थेने मेसेलसन यांच्या नेतृत्वाखाली पाहणीपथक व्हिएतनामला पाठवले. गनिमांची म्हणून फवारलेली पुष्कळशी शेते डोंगरी जमातींच्या साध्या गावकऱ्यांची होती, असे या पथकाला आढळले. एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबवला गेला, आणि त्या वर्षअखेर सर्वच फवारणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील एका परिषदेत गॅल्स्टन यांनी या कृत्याला ‘इकोसाइड’ म्हटले. आपण त्याला परिसरसंहार म्हणू.

म्हणजे लोकशाहीने फवारणी थांबवली, असे म्हणावे का? अर्धेच खरे. प्रश्न विचारणारे शास्त्रज्ञ तुरुंगात गेले नाहीत, १९७१ मध्ये पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, हे तिथेच घडू शकले. १९९१ मध्ये इराकी सैन्याने कुवेतमधून माघार घेताना सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या, तेव्हा बगदादमध्ये असा प्रश्न विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण ज्यांच्या शेतावर फवारा पडला त्यांना वॉशिंग्टनमध्ये मत नव्हते, आणि पुढे न्यायालयातही त्यांची दाद लागली नाही. रसायने बनवणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकी सैनिकांच्या दाव्यात १९८४ मध्ये १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. व्हिएतनामी नागरिकांचा दावा २००५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने फेटाळला. वरच्या न्यायालयांतही तोच निर्णय कायम राहिला.

आणि सुरक्षितता?

हे सारे सैनिकांचे प्राण वाचावेत म्हणून, असे समर्थन होते. ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. आडोसा गेल्यावर नदीकाठचे छुपे हल्ले घटले, असे नौदलातील अधिकारी सांगत. परंतु पिके नष्ट करण्याच्या मोहिमेबद्दल रँड या संस्थेने लष्करासाठीच केलेले १९६७ चे अभ्यास वेगळे सांगतात. गनिमांना अन्न मिळतच राहिले, उपासमार शेतकऱ्यांची झाली आणि ज्याचे शेत जळाले त्याचे मन अमेरिकेविरुद्ध गेले. सुरक्षिततेसाठी केलेल्या उपायाने शत्रूच वाढवला. हे अहवाल आल्यानंतरही पिकांवरची फवारणी तीन वर्षांहून अधिक काळ चालली.

ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी १९६८ नंतर मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील नदीकाठांवर फवारणीचा आदेश दिला होता. त्यांचा मुलगा त्याच पाण्यात गस्ती बोटीवर अधिकारी होता. १९८८ मध्ये तो कर्करोगाने वारला. एजंट ऑरेंज हेच त्याचे कारण, असे बापलेक दोघेही मानत. त्या परिस्थितीत आपण पुन्हा तोच आदेश दिला असता, कारण त्याने अनेकांचे प्राण वाचले, असेही ॲडमिरल म्हणत, आणि उरलेले आयुष्य त्यांनी आजारी माजी सैनिकांना भरपाई मिळवून देण्यात घालवले. यातला ताण कोणी एका वाक्यात सोडवू नये.

याच युद्धात पावसाचेही शस्त्र झाले. १९६७ ते १९७२ या काळात लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर ढगांत सिल्व्हर आयोडाइड आणि लेड आयोडाइड सोडण्यासाठी २,६०२ उड्डाणे झाली. पावसाळा लांबावा, रस्त्यांवर चिखल व्हावा आणि रसद अडावी, हा हेतू होता. कृत्रिम पावसाचे प्रयोग आपल्याकडे दुष्काळात होतात, तेच तंत्र. पाऊस किती वाढला हे निश्चित सांगता आले नाही. संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी १९७२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे असे काही केल्याचे नाकारले, आणि १९७४ मध्ये ते खरे असल्याचे मान्य करावे लागले.

या उघडकीतूनच पर्यावरणात लष्करी हेतूने बदल करण्यास बंदी घालणारा करार निघाला. १९७७ मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला आणि १९७८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्यात ‘व्यापक, दीर्घकालीन किंवा तीव्र’ परिणामांना बंदी आहे. १९७७ मध्येच जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक करारात मात्र शब्द आहेत ‘व्यापक, दीर्घकालीन आणि तीव्र’. एका उभयान्वयी अव्ययाने केवढा फरक पडतो, हे व्याकरणाच्या तासालाही दाखवता येईल. पहिल्यात तिन्हींपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते, दुसऱ्यात तिन्ही, आणि तिथे दीर्घकालीन याचा अर्थ दशके असा घेतला जातो. कुवेतची आग नोव्हेंबर १९९१ पर्यंत विझली. ती या व्याख्येत बसत नाही, असे मत पुष्कळ कायदेपंडितांनी दिले. या दुसऱ्या करारात अमेरिका नाही आणि भारतही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या समुद्रपातळीच्या भीतीत जगणाऱ्या तीन लहान द्वीपराष्ट्रांनी परिसरसंहार हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेतील गुन्हा ठरवावा, असा प्रस्ताव मांडला. गॅल्स्टन यांचा शब्द तिथवर पोचला आहे.

उरलेल्या एजंट ऑरेंजचे काय झाले? गंजू लागलेल्या पिंपांतील तो साठा १९७७ मध्ये प्रशांत महासागरात ‘व्हल्कॅनस’ नावाच्या जहाजावरील भट्टीत जाळण्यात आला. मातीत गेलेला भाग मात्र असा गोळा करता येत नाही. दा नांग विमानतळावर २०१२ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या पैशाने काम झाले. दूषित माती व गाळ उकरून काँक्रीटच्या भिंतींच्या एका प्रचंड पेटीत भरायचा, त्यात उभ्या तापक नळ्या खुपसायच्या आणि सगळा ढीग ३३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून महिनोन्‌महिने तसाच ठेवायचा, म्हणजे डायॉक्सिनचे रेणू मोडतात. सुमारे ९० हजार घनमीटर माती अशा रीतीने हाताळली गेली आणि खर्च दहा कोटी डॉलरांच्या वर गेला. बिएन होआ येथे अशी माती पाच लाख घनमीटरांच्या आसपास आहे. तिथले काम २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालेल असा अंदाज होता. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा ते काही आठवडे थांबले. उकरलेल्या दूषित मातीचे खड्डे त्या वेळी उघडे होते आणि पावसाळा जवळ येत होता.